पिवळ्या पोटाचा उंदीर

“दिवाळीच्या अंकात उंदीर कायले?”

लेख मागणारं संपादकांचं पत्र मी बायकोसमोर मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक. लोक चिवड्याची ताटली पुढ्यात घेऊन अंक उघडतील आणि तुम्ही त्यांना कातडी सोलायची रीत सांगत बसाल, असं तिचं म्हणणं. म्हणणं खोटं नाही. पण वकील खटल्यांवर लिहितो, डॉक्टर रोग्यांवर लिहितो. ज्यानं नोकरीची सारी वर्षं उंदरांत काढली त्यानं कशावर लिहावं? चांदण्यावर?

नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचं लहानसं संग्रहालय होतं. तिथे मी साहाय्यक होतो. आमचं गाव गोंदियाला लागून असलेलं मुर्री, घरची धानाची शेती. ती थोरले भाऊ बघत. धाकटा नागपुरात काय करतो असं कोणी विचारलं, की ते “कॉलेजात आहे” एवढंच सांगून विषय बदलत. मी काय करतो ते त्यांना नीट ठाऊक होतं, म्हणूनच.

ते काम असं. मेलेला उंदीर हाती आला की आधी चार मापं घ्यायची: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, शेपटी, मागचा पाय आणि कान. मग पोटावर एक चीर देऊन कातडं मोज्यासारखं उलटं काढायचं. आतून सोमलाचा विषारी साबण चोळायचा, म्हणजे कीड लागत नाही. कापूस भरायचा, शेपटीत तार घालायची, टाके मारायचे, पाय ताणून फळीवर टाचण्यांनी बसवायचं आणि सावलीत सुकू द्यायचं. कवटी वेगळी उकळून साफ करायची. आणि मुख्य म्हणजे मागच्या पायाला चिठ्ठी बांधायची. कुठे सापडला, कधी, नर की मादी, कोणी पकडला, मापं काय. चिठ्ठी हरवली की तो उंदीर नुसता कचरा. कितीही सुंदर भरलेला असो.

हात बसल्यावर मला एका उंदराला वीस मिनिटं लागत. मुंग्या आल्या नाहीत तर. मुंग्या नेहमीच येत.

“पण उंदीर तर सगळे सारखेच!” हे वाक्य मी पाहुण्यांकडून, परीक्षकांकडून, माझ्या सासऱ्यांकडून आणि एकदा कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांकडूनही ऐकलं आहे. सारखे कुठे आहेत? घरातला वेगळा, बांधावरचा वेगळा, झाडावर घरटं करणारा लांब शेपटीचा वेगळा. घूस तर वेगळीच. केसांचा पोत, दाढांच्या रांगा, तळपायावरच्या गाद्या, सगळं वेगळं. आमच्याकडचा अडाणी शेतकरीही धानाच्या दहा वाणांतला फरक मुठीतल्या चार दाण्यांवरून सांगतो. तिथे कोणी म्हणत नाही, धान तर सगळं सारखंच.

लोकांचं एक वेळ ठीक. पण गोंदिया स्टेशनवरच्या पार्सलबाबूंनी माझा जो छळ केला, तो मी विसरलेलो नाही. चांद्याकडून येणारी छोटी गाडी गोंदियाला संपते आणि माल मोठ्या गाडीत चढवायला पुन्हा बुक करावा लागतो. मी पेटी पुढे केली.

“इसमें क्या है?”

“चूहे.”

“ज़िंदा?”

“मरे हुए.”

“तो फेंकते क्यों नहीं?”

मी समजावून सांगितलं. बाबूंनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात जिवंत जनावरं होती, कातडी होती, हाडं होती, माणसाचं प्रेतही होतं. उंदीर नव्हता. प्रेतासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, तसा याला कोणाचा लागेल यावर दोन बाबूंचा वाद झाला. गाडी सुटायला आली तेव्हा त्यांनी पेटीवर ‘पुराने कपड़े’ असं लिहिलं आणि माझ्यापुढे कागद सरकवला. चिठ्ठीवरच्या एका अक्षरासाठी विद्यार्थ्यांवर डाफरणारा मी, त्या ‘पुराने कपड़े’खाली मुकाट्यानं सही करून मोकळा झालो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती प्रोफेसर खांबेट्यांची आहे.

खांबेटे पुण्याचे. आमच्या विभागाचे मुख्य. सडपातळ, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला, आणि चूक शोधण्याची नजर अशी की त्यांच्यासमोर माणूस आपल्या सदऱ्याची बटणंही चाचपून बघे. त्यांच्या मनात एक सल होता. या देशातले उंदीर पकडले इथल्या माणसांनी, सोलले इथल्या माणसांनी, पण त्यांना नावं दिली सातासमुद्रापलीकडे टेबलाशी बसलेल्या लोकांनी. त्यांना एक जात हवी होती. इथे पकडलेली, इथे मोजलेली, इथे वर्णन केलेली. मला म्हणत, “एकच, रहांगडाले. जास्त नकोत.”

नवी जात ठरवायची म्हणजे तिच्यासारखे पुष्कळ नमुने लागतात, शेजारच्या जातीचेही तितकेच लागतात, आणि दोघांत असा फरक दाखवावा लागतो की जो वयाचा नाही, ऋतूचा नाही, मोजणाऱ्याच्या हाताचा नाही. मग त्यातला एक नमुना त्या जातीचा मूळ नमुना म्हणून ठरवायचा. जगात कुठेही पुढे शंका आली, तर त्या एका कातड्याशी ताडून बघतात.

खांबेट्यांचं डोकं बेटांवर चालत होतं. बेटावरचे प्राणी मुख्य भूमीवरच्यांत मिसळत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहतात आणि वेगळे होत जातात, हे त्यांनी पुस्तकांत वाचलेलं. आता आमच्या मुलखाला समुद्र कुठला? पण नवेगावच्या बांधाचं, म्हणजे तिथल्या तलावाचं, पाणी अफाट, आणि त्याच्या मध्यावर झाडीनं भरलेली एक डोंगरी वर आलेली आहे. हे मीच त्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं. तोंड बंद ठेवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्यांनी मला भाद्रपदात पाठवलं. मी म्हटलं, “सर, दिवाळीनंतर जाऊ. आत्ता तिकडे कोरडी जागा नाही.” ते म्हणाले, “उंदीर आहेत ना?”

नवेगावला मी पारबताबाईकडे उतरलो. पन्नाशीची ढिवरीण, स्वतःचा डोंगा, स्वतःची जाळी. रोज सकाळी ती मला डोंग्यातून बेटावर नेऊन सोडी, मी लावलेले उंदरांचे चाप बघे, आणि ती जाळी ओढून परत येताना मला घेई. पहिल्या दिवशी मी उंदराचा पाय कॅलिपरमध्ये धरला, तेव्हा ती शेजारी येऊन उकिडवी बसली.

“का जी मास्तर, हे काय करून राहिले?”

“मोजतो आहे.”

“ते दिसून राहिलं. पण कायले?”

“बेटावरचा उंदीर काठावरच्याहून वेगळा आहे का, ते बघायचं आहे.”

तिनं उंदराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आनि वेगळा निगाला त का त्याले मास्तरची नौकरी देता?”

असे चौदा उंदीर झाले. आणि मग झड लागली. पाच दिवस सूर्य नाही. भरलेली कातडी फळ्यांवर तशीच ओली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोटांवर बुरशीची पांढरी लव दिसली, वास सुटला. अजून दोन दिवसांत केस हाताला येणार हे मला दिसत होतं. चौदा उंदीर, तीन आठवड्यांची मेहनत, आणि नागपुरात वाट बघत बसलेला तो माणूस.

पारबताबाईच्या चुलीवर, छपराखाली, बांबूची एक जाळी टांगलेली होती. बाई त्या जाळीवर मासोळ्या धुरात सुकवी. मी फळ्याही तिथेच ठेवल्या. तिनं मासोळ्या एका अंगाला सारल्या आणि नाक मुरडलं, पण ठेवू दिल्या. चार दिवसांत कातडी खडखडीत वाळली.

आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि खांबेट्यांचा तर मंत्रच, कातडं आगीजवळ न्यायचं नाही. न्यावंच लागलं तर चिठ्ठीवर तसं लिहायचं. मी चिठ्ठ्यांवर गाव लिहिलं, तारीख लिहिली, मापं लिहिली, कोणत्या झाडाखाली सापडला तेही लिहिलं. धुराचं लिहिलं नाही. ते ओरडतील म्हणून नाही लिहिलं. चाळिशी उलटलेला, पोराबाळांचा बाप असलेला माणूस मी, शाळकरी पोरासारखा घाबरलो.

नागपुरात खांबेट्यांनी पेटी उघडली. काठावरच्या गावांतून आमच्या विद्यार्थ्यांनी आदल्या हिवाळ्यात आणलेली कातडी त्यांनी शेजारी मांडली. काठावरच्यांची पोटं पांढरी. बेटावरच्यांची पिवळसर, तांबूस झाक असलेली, चौदाच्या चौदा.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाले, “रहांगडाले, दार लावून घ्या.”

तुम्हाला वाटेल मला तेव्हाच कळलं असेल. नाही कळलं. खोटं सांगत नाही. उंदीर सोलताना ते भिजलेले, चिखलानं माखलेले असत. पोट कसं होतं हे माझ्या डोळ्यांपुढे नव्हतंच, आणि रंग लिहून घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मलाही आनंद झाला. आमचे दोन महिने मोजण्यात गेले. मागचा पायही बेटावरच्यांचा जरा लांब निघाला. खांबेट्यांनी मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. एका स्वल्पविरामासाठी मला ग्रंथालयात तीन खेपा घालायला लावल्या. आणि एक दिवस म्हणाले, “नाव तुमचं द्यायचं ठरवलं आहे. पकडला तुम्ही. ‘रहांगडालेई’. लॅटिनमध्ये जरा लांबतं, पण बसतं.”

मी त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या रविवारी गाडी धरून मुर्रीला गेलो, भावांना सांगायला. ते खळ्यावर होते. सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे उंदराले आपलं आडनाव?”

“शास्त्रात फार मोठा मान असतो, दादा.”

“हे खळं पाह्य,” ते म्हणाले. “आपला बाप उंदरायच्या मागं काठी घेऊन पळत पळत मेला. आनि तू त्यायले घराण्यात घेऊन राहिला? काऊन, दुसऱ्या कोनाचं नाव नाई भेटलं? त्या पुन्याच्या बामनाचं काऊन नाई देत?”

मी जेवण न करता परतलो. रागानं सबंध वाट स्वतःशी बोलत होतो.

मग मांजर आलं. कॉलेजच्या आवारातलं एक मांजर आमच्या संग्रहालयात येऊन बसायला लागलं. हाकललं तरी येई. बाकीच्या कपाटांत शेकडो कातडी, तिकडे ढुंकूनही बघेना. नेमकं बेटावरच्या उंदरांच्या खणासमोर बसे आणि फळीला नाक लावी. चौथ्या दिवशी मी वैतागून खण ओढला, एक कातडं उचलून वास घेतला.

सुक्या मासोळ्यांचा वास होता.

म्हणजे पिवळेपणा धुराचा तर नव्हे? मी स्पिरिट घेतलं, घरून आणलेला धानाचा मऊ कोंडा घेतला. एका उंदराचं पोट मधोमध धाग्यानं आखून घेतलं आणि डावी बाजू स्पिरिटनं भिजवून कोंड्यानं चोळली. पुन्हा चोळली. कोंडा पिवळा होत गेला आणि पोट पांढरं. अर्ध्या तासानं माझ्या हातात एक उंदीर होता, अर्धा जुन्या जातीचा आणि अर्धा नव्या.

ताबडतोब जाऊन सांगायला हवं होतं. नऊ दिवस गप्प राहिलो. स्वतःला पुष्कळ कारणं दिली. पायाचं माप तर आहेच, एका कातड्यावरून काय ठरतं, काठावरची कातडीही कदाचित मळली असतील. या नऊ दिवसांत मजकूर टाइप झाला, मूळ नमुन्याला तांबडी चिठ्ठी लागली, पाकीट तयार झालं. दहाव्या दिवशी खांबेटे पाकिटावर लाख लावत होते तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो.

“सर, पोट पांढरं आहे.”

“कोणाचं?”

मी तो दुरंगी उंदीर त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. उलटा केला, सुलटा केला. नाकाशी नेला.

“कशावर वाळवलेत?”

“चुलीवर. मासोळ्यांच्या धुरात. झड लागली होती.”

“चिठ्ठीवर का नाही लिहिलंत?”

“तुम्ही रागवाल म्हणून.”

“आणि आता रागावणार नाही असं वाटलं तुम्हाला?” मग उंदीर टेबलावर ठेवून, “केव्हापासून माहीत आहे?”

“नऊ दिवस.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाकीट खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं आणि पुढे पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. काम असलं की कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवत. टेबलं एकाच खोलीत, मध्ये चार हातांचं अंतर. तिथून उठून यायचे, कागद ठेवायचे, परत जाऊन बसायचे. मी उत्तर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचं. मला शेवटी शेवटी किंचाळावंसं वाटे.

सोळाव्या दिवशी ते बोलले. “पोट गेलं. पण पाय आहे अजून.”

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं नवेगावला गेलो. या वेळी ते स्वतः आले, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि त्यांनी तो नाही असं गाडीत दोनदा सांगितलंही. पारबताबाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, “हे मोठे उंदीरवाले का?”

बेटावर पाच दिवसांत बारा उंदीर मिळाले. पोटं सगळी पांढरी. खांबेटे पाय मोजत आणि मी आकडे लिहीत होतो. सातव्या उंदरापाशी त्यांनी मान वर केली. “हे काठावरच्याइतकेच येताहेत. तुम्ही पावसाळ्यात कसे मोजले होते?”

“नखासकट. नेहमी मोजतो तसे.”

“मी नखं सोडून मोजतो आहे.” त्यांनी जुनी वही काढली. काठावरच्या उंदरांच्या पानावर एका विद्यार्थ्याचं अक्षर होतं, आणि खाली कोपऱ्यात बारीक ओळ: नखं सोडून. ही ओळ आम्ही दोघांनीही दोन महिन्यांत वाचली नव्हती. त्यांनी वही मिटली. चूक त्यांच्याही हाताखालची निघाली, याचा मला थोडा आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली.

तेरावा उंदीर पिंजऱ्यात जिवंत सापडला होता. मी क्लोरोफॉर्मची बाटली काढली.

“राहू दे,” ते म्हणाले. “बारा पुरेत. सोडा त्याला.”

मी दार उघडलं. उंदीर झाडीकडे पळायचा सोडून पाण्याकडे धावला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यानं पाण्यात उडी घेतली. नाक वर, शेपटी मागे ताठ, काठाच्या दिशेनं सरळ निघाला. बेटापासून सगळ्यात जवळचा काठ म्हणजे फार तर जोरानं हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

“हा पोहतो,” खांबेटे म्हणाले.

“पोहते त,” डोंग्यातून पारबताबाई म्हणाली. “पोहनार नाई त बेटावर का रेल्वेनं आला? जाळ्यात सापडते कदीमदी.”

खांबेटे दगडावर बसले. बेटावरचे उंदीर वेगळे, कारण ते मिसळत नाहीत. मिसळत नाहीत, कारण मध्ये पाणी आहे. आणि पाण्यातून तर ते ये-जा करत होते. चार महिन्यांचं काम एका उंदरानं पाण्यात नेलं. ते उठून पाण्याच्या कडेला गेले. मग म्हणाले, “काठाला लागला का तो? पाहिलंत?”

‘हो’ म्हणायचं होतं. तोंडावर आलं होतं. सुट्टी संपत आली होती, थंडीनं माझी बोटं फुटली होती, मला घरी जायचं होतं.

“नाही सर. अर्ध्यावर उन्हाची तिरीप आली. पुढे दिसला नाही. बुडालाही असेल.”

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या पंधरा दिवसांनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असं मला वाटलं. “म्हणजे आपल्याला माहीत नाही.”

“नाही.”

“मग माहीत करून घ्यायला हवं.”

मी मनात कपाळावर हात मारला. पारबताबाईनं खरोखरच मारला.

खांबेट्यांनी कॉलेजला रजेची तार केली. बेटावर आठ उंदीर जिवंत पकडले, कात्रीनं प्रत्येकाच्या कानाला खाचा पाडल्या, कोणाच्या डाव्या, कोणाच्या उजव्या, एक, दोन किंवा तीन, आणि वहीत नोंदून तिथेच सोडले. मग काठाकाठानं पिंजरे लावले. रोज सकाळी पाण्याच्या कडेनं चालायचं, पिंजरे बघायचे. उंदीर मिळत, कान धडधाकट. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. मी म्हटलं, “सर, या बाईचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतं. ती सांगते तेवढं पुरे नाही का?”

“तिला माहीत आहे. मला नाही. आणि माझ्या वाचकालाही नाही.”

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवरून चाललो असताना पारबताबाईची हाक आली. ती दारात, कमरेवर हात देऊन उभी. आत चुलीपाशी एक टोपली पालथी, वर जात्याची तळी ठेवलेली.

“माह्या मासोळ्याइवर बसला होता. कान पाहा मनलं, त पाहूच नाई देत. पाहून घ्या तुमचा पावना.”

खांबेटे सारवलेल्या भुईवर गुडघे टेकून बसले. मी टोपलीची कड उचलून हात घातला, तो अंगठ्याला कडकडून चावला, पण धरला. उंदीर बाहेर काढला. डाव्या कानाला दोन खाचा. खांबेट्यांनी वही उघडली. “दोन, डावा. नर. बेटाच्या पूर्वेला, रविवारी सोडलेला.” त्यांनी माझ्या हातातल्या उंदराच्या पोटावरून एक बोट फिरवलं. पांढरं स्वच्छ पोट.

या एका उंदरावरून पुढे अर्ध्या पानाची टीप छापून आली. नवी जात नाही, नवं नाव नाही. एवढ्या पाण्यातून हा उंदीर पोहून जातो, म्हणून तलावातल्या बेटांवरच्या उंदरांना घाईनं वेगळं समजू नये, इतकंच. खांबेट्यांच्या हातून जात कधीच झाली नाही. दोन वर्षांनी ते पुण्याला परत गेले आणि तिथेच वारले. धुराची ती ओळ मी चिठ्ठीवर लिहिली असती, तर चार महिने ते खोट्या आशेवर तरी राहिले नसते. हे मी त्यांना बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पण त्या सकाळी तो उंदीर माझ्या मुठीत होता. मी क्लोरोफॉर्मच्या बाटलीकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

“सोडा.”

“इथे, सर?”

“सोडा हो त्याला. फार लांबून आला आहे.”

मी मूठ उघडली. उंदीर खांबावरून सरसर वर गेला आणि थेट मासोळ्यांच्या जाळीवर जाऊन बसला.

“सोडला?” पारबताबाई ओरडली. “माह्या घरात सोडला? धरून देल्लेला उंदीर?”

तिनं झाडू उचलला. तिचा पहिला फटका मला बसला. दुसरा खांबेट्यांना बसला असता, पण ते आधीच दाराबाहेर होते. वही काखेत, एक वहाण पायात आणि एक हातात, चष्म्याचा दोरा कानावर लोंबणारा, विभागाचे मुख्य नवेगावच्या पाळीवरून पळत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी तेवढ्या एका वेळीच पाहिलं.